डाग काचेवर नव्हता

"सिस्टर, माझ्या मायक्रोस्कोपला कोणी हात लावला?"

शेवंता सिस्टर बाहेरच्या नळावर लसीचा डबा धूत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तुमच्या त्या म्हशीले कोन हात लावते जी? झाडूवालीलेबी तं तुमी खोलीत येऊ देत नाही."

"मग हा डाग आला कुठून?"

"पावसाचे दिवस हायेत. बुरशी आली असन."

बुरशी! माझ्या मायक्रोस्कोपला! मला इतका राग आला की मी दार लोटून घेतलं आणि पुन्हा भिंग पुसायला बसलो.

ही २०२१ सालची, पोळ्याच्या तोंडावरची गोष्ट. मी गडचिरोलीच्या जंगलातल्या बेलगट्टा गावच्या सरकारी दवाखान्यात लॅबवाला होतो. वामन दुधबळे, वय बावन्न, नोकरी एकोणीस वर्षं, त्यातली नऊ इथली. काम एकच. आजूबाजूच्या पाड्यांवर कोणाला ताप आला की तिथली आशा सेविका त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायची, कागदात गुंडाळून माझ्याकडे पाठवायची. मी ती काच रंगवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि त्या रक्तात मलेरियाचे जंतू आहेत का ते पाहायचं. एकेका काचेवर शंभर जागा पाहायच्या. शंभर म्हणजे शंभर, नव्व्याण्णव नाही. काही सापडलं नाही तर वहीत 'निल' लिहायचं. माझ्या निल झालेल्या काचांतल्या काही जिल्ह्याला जात, तिथं दुसरा माणूस त्या पुन्हा पाही. एकोणीस वर्षांत माझी एकही काच चुकलेली निघाली नव्हती. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे. लोकांना त्याचा कंटाळा येई, हेही मला ठाऊक होतं.

बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला दिलेली, तिचा रविवारी फोन यायचा. बाकी दिवस मी आणि ती म्हैस. शेवंता सिस्टरनं माझ्या काळ्या मायक्रोस्कोपला ठेवलेलं ते नाव मला मनातून आवडायचं. एका डोळ्याचं जुनं यंत्र होतं ते, वर एकच नळी. अशा यंत्रात पाहताना दुसरा डोळा मिटायचा नसतो. उजव्यानं पाहायचं, डावा उघडा ठेवायचा, पण त्याला काही पाहू द्यायचं नाही. माझा डावा डोळा एकोणीस वर्षं असा बसून खात होता.

डाग राखाडी होता, मधोमध, जरा खालच्या अंगाला. कागदावर पाण्याचा थेंब पडून वाळावा तसा. आता खरं सांगायचं तर डाग शोधायची रीत मीच नव्या पोरांना शिकवायचो. काच फिरवा, डाग फिरला तर तो काचेवर. वरचं भिंग फिरवा, फिरला तर तो वरच्या भिंगावर. मग खालचं. मी काच फिरवली, डाग जागचा हलला नाही. वरचं भिंग फिरवलं, नाही. खालचं, नाही. शिकाऊ पोरालासुद्धा यातून जे समजलं असतं ते मला समजलं नाही. मी ठरवलं की दोष आरशात आहे आणि जिल्ह्याला अडीच पानी पत्र लिहिलं. पत्रात 'अक्षम्य हलगर्जीपणा' हे शब्द दोनदा होते.

दुरुस्तीवाला येईपर्यंत काचा थांबणार होत्या का? मलेरियाचा ऐन हंगाम होता. मी काच जराशी सरकवून डागाच्या आजूबाजूनं पाहायचो आणि निल लिहायचो. अनुभवी माणूस अशा अडचणींना पुरून उरतो, असं स्वतःला सांगायचो. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी जिल्ह्याहून खोब्रागडे म्हणून एक माणूस हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्यानं यंत्र खोललं, पुसलं, जोडलं, पाहिलं.

"साहेब, चकाचक आहे."

"नीट बघा."

"नीटच बघतो आहे. डाग नाही."

मी त्याला बाजूला करून डोळा लावला. डाग होता. "हा काय मग? मधोमध!"

खोब्रागडेनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, एकदा डाव्या डोळ्यानं बघता का?"

मी डावा डोळा लावला. स्वच्छ, गोल, उजेडाचं ताट. मी पुन्हा उजवा लावला. पुन्हा डावा. मग मान वर करून डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिन्याचं नाव दिसत होतं, पहिल्या दोन ओळी दिसत होत्या. खालच्या तारखा नव्हत्या. दोन डोळे उघडे असले की डावा गुपचूप ती जागा भरून काढत होता आणि मला कळू देत नव्हता.

खोब्रागडे पिशवी आवरत होता. माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "रिपोर्टात काय लिहू साहेब?"

"लिहा, मायक्रोस्कोप चांगला आहे."

तो गेल्यावर मला आधी डोळ्याची भीती वाटली नाही. काचांची वाटली. अकरा दिवसांच्या निल काचा कपाटात होत्या, एकशे सव्वीस. मी त्या सगळ्या बाहेर काढल्या आणि डाव्या डोळ्यानं पुन्हा पाहायला बसलो. डाव्याला सवय नव्हती. दहा-दहा मिनिटांनी पाणी यायचं, डोकं ठणकायचं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. शेवंता सिस्टर दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोनदा थंड कप घेऊन गेल्या.

दोन काचा चुकलेल्या निघाल्या. एक एका म्हाताऱ्याची होती, तो ताप उतरेना म्हणून स्वतःच दवाखान्यात येऊन औषध घेऊन बरा होऊन गेला होता. दुसऱ्या काचेवर बारीक अंगठ्यांसारखे चार जंतू होते, वाईट जातीच्या मलेरियाचे. शंभर जागांत चारच, पण होते. कागदावरचं अक्षर मी पाहताक्षणी ओळखलं. मैनी पुंगाटी, वय सव्वीस, हिंगेटोला. मैनी ही हिंगेटोल्याची आशाच होती. तिनं स्वतःच्या बोटाला स्वतः टोचून ती काच पाठवली होती, आणि मी तिला निल कळवून आठ दिवस झाले होते.

हिंगेटोल्याचं थोडं सांगायला हवं. माडिया गोंडांचा पाडा, तेवीस घरं, बेलगट्ट्याहून नऊ किलोमीटर, मधे नाला. गावाचा मुखिया, त्याला भूमिया म्हणतात, तो कोमटी पुंगाटी. मैनी त्याची सून. कोमटी सगळ्यांना 'तू' म्हणायचा, साहेब येवो की मंत्री. त्या गावाची एक रीत होती. बाहेरच्या माणसाला पानाच्या दोन्यात प्यायला काही दिलं, मोहाची दारू असो की कोसरीच्या भरड दाण्यांची आंबट पेज, तर देणाऱ्यानं त्याच्या समोर आधी स्वतः एक घोट घ्यायचा. यात काही घातलेलं नाही, भिऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या माणसाला देताना मात्र कोणी चाखत नसे. चाखलं तर तो अपमान.

मी काचा गोळा करायला हिंगेटोल्याला जायचो तेव्हा सहा वर्षं मला चाखलेला दोना मिळाला. सातव्या वर्षी एका दुपारी कोमटीनं गप्पांच्या ओघात पेज ओतली आणि न चाखताच माझ्या हातात दिली. त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं, त्याच्या लक्षातही नसेल. मी मात्र परतीचे नऊ किलोमीटर कसे चाललो ते मला आठवत नाही. बायको गेल्यापासून मला कोणी आपला म्हटलं नव्हतं. त्या रात्री क्वार्टरमध्ये एकटाच बसून मी वेड्यासारखा हसलो होतो.

आणि या २०२१च्याच जुलैत कोरोनाच्या लसीचं प्रकरण झालं होतं. आजूबाजूचे पाडे लसवाले दिसले की जंगलात पळायचे. एका गावानं शेवंता सिस्टरच्या मागे कुत्री सोडली होती. हिंगेटोल्यात कोणी पळालं नाही, पण कोणी दंडही पुढे केला नाही. कोमटी म्हणाला, "दुधबळे, तू आपला. पण सुई तुझी नाही. सुई बाहेरची. आधी चाखून दाखव."

माझा दुसरा डोस राहिला होता. एप्रिलमध्ये मला स्वतःला कोरोना झाला, सोळा दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात पालथा पडून श्वास शोधत होतो, त्यामुळे तो पुढे गेला होता. मी मोहाच्या झाडाखाली सगळ्यांसमोर बाही वर केली. सिस्टरनं टोचलं. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "बघा, काय झालं मला? काही झालं तर आधी मला होईल." लोक हसले. त्या दिवशी एक्केचाळीस जणांनी सुई घेतली. जिल्ह्यात माझं नाव झालं.

आता कपाटासमोर मैनीची काच हातात धरून मी ते वाक्य आठवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आणि मी निघालो. नाल्याला कमरेच्या वर पाणी होतं, डोंग्यातून पलीकडे गेलो. मैनी ओसरीत खाटेवर पडली होती. डोळे पिवळे, ओठ फुटलेले, अंगावर दोन घोंगड्या. मला पाहून ती उठून बसायला लागली.

"झोप, झोप," मी म्हणालो. "ताप किती दिवस आहे?"

"रोज येते सर. थंडी वाजून येते. मलेरियासारखाच वाटते, पण निल आला ना." ती कसनुसं हसली. "तुमचा निल आला म्हणून मग दुसरा काही असन म्हटलं."

तिच्या उशाशी आशाच्या औषधांचा पत्र्याचा डबा होता. मी तो उघडला. मलेरियाच्या गोळ्यांची तीन पाकिटं त्यात होती. तिच्याच डब्यात, तिच्याच उशाशी. बोट टोचून लगेच निकाल देणाऱ्या पट्ट्या त्या महिन्यात संपल्या होत्या, म्हणून तिनं काच पाठवली. काच निल आली, म्हणून आठ दिवस कुडकुडत पडून राहूनही तिनं आपल्या हाताजवळची गोळी घेतली नाही. आपल्या अंगातल्या तापापेक्षा तिचा माझ्या अक्षरावर जास्त विश्वास होता.

सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि तिला दवाखान्यात हलवायचं ठरलं. कोमटी दारात उभा होता. "काच चुकली?" त्यानं विचारलं.

मी उत्तर देण्याआधी सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. त्यांना आदल्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं होतं.

"काच खराब आली होती," मी म्हणालो. "पावसामुळं. पुन्हा पाहिली तेव्हा दिसलं."

"पुन्हा पाहिलीस," कोमटी म्हणाला, "बरं केलंस." त्यानं मडक्यातून पेज ओतली आणि दोना माझ्या हातात दिला. न चाखता. मी प्यालो. ती पेज घशाखाली उतरताना मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मैनीला खाटेवर घालून चार माणसांनी नाल्यापर्यंत आणलं. सहा दिवस ती आमच्या दवाखान्यात होती, मग बरी होऊन घरी गेली. जाताना मला सांगून गेली, "सर, काचा आता दोन-दोन कागदांत गुंडाळून पाठवीन. ओल्या होणार नाहीत." मी मान हलवली.

मग मी जिल्ह्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई होत्या, त्यांनी डोळ्यात थेंब टाकून बराच वेळ आत पाहिलं.

"डोळ्याच्या मागं पडदा असतो," त्या म्हणाल्या. "त्यावरून रक्त परत नेणारी एक शीर तुंबलीय. अडलेलं रक्त पडद्यावर सांडलंय आणि सूज आलीय. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. थोडं परत येईल, सगळं येईल असं मी सांगणार नाही. तुम्ही उशीर केलात."

"मी मायक्रोस्कोप पुसत होतो," मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. एकशे अडुसष्ट.

"कधी तपासलं होतं?"

"दुसऱ्यांचं तपासतो ना रोज." मग मी मुद्द्यावर आलो. "मॅडम, एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. जुलैत लस घेतली. हे कशानं झालं?"

त्यांनी लिहायचं थांबवलं. "कोरोनानंतर रक्तात गुठळ्या होतात, हे आता पक्कं ठाऊक आहे. डोळ्यातल्या शिराही तुंबल्याचं पाहिलं गेलंय. लसीनंतरही असे काही रुग्ण नोंदले गेलेत, फार थोडे, पण लसीनंतर झालं म्हणजे लसीनंच झालं असं होत नाही. आणि वर तुमचं हे बीपी. तुमच्या एका डोळ्यापुरतं विचाराल तर मला ठाऊक नाही. कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

मी एकोणीस वर्षं आहे किंवा नाही, एवढंच लिहीत आलेला माणूस. 'ठाऊक नाही' असा रकाना माझ्या वहीत नव्हता.

बेलगट्ट्याला परत आलो तेव्हा ऑक्टोबर लागायला आठ दिवस होते. हिंगेटोल्याच्या त्या एक्केचाळीस जणांचा दुसरा डोस पहिल्या आठवड्यात होता. मी सिस्टरना म्हणालो, "मी त्यांना सांगणार आहे."

"काय सांगाल जी? डॉक्टरीनबाईलेच माहीत नाही तं तुमी काय सांगाल?"

"डोळ्याचं सांगेन. मैनीच्या काचेचं सांगेन."

त्या माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "आयका माझं. तुमी 'ठाऊक नाही' म्हनाल, ते 'सुईनं डोळा गेला' असं आयकतील. एका दिवसात दहा गावांत होईल. तिसरी लाट येईल तवा त्या कोमटी म्हाताऱ्याले खाटेवर घालून तुमीच आनाल. माझ्या मागं कुत्रे सोडले तवा मी रडली नाही, पन हे झालं तं रडीन." मग त्या म्हणाल्या, "आन् तुमाले काय राहील सांगा ना तिथं? तुमचं एवढं एकच तं गाव हाये."

त्यांचं सगळं खरं होतं. शेवटचं सगळ्यात खरं होतं. मी तीन रात्री झोपलो नाही. काचा मी आता डाव्या डोळ्यानंच पाहत होतो. चौथ्या दिवशी मैनीनं पाठवलेली एक काच आली, दोन कागदांत गुंडाळलेली, वर प्लास्टिक, त्यावर दोरा. मी तो दोरा सोडवत बराच वेळ बसलो आणि माझं ठरलं.

शिबिराच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली तीच माणसं जमली. टेबल मांडलं, डबा उघडला. बाया हसत होत्या, कोणीतरी मला म्हणालं, "दुधबळे, आज काय चाखशील?" सिस्टर माझ्याकडे पाहत नव्हत्या.

मी उभा राहिलो. "सुई घेण्याआधी माझं ऐका," मी म्हणालो. "मैनी, तू माडियात सांग."

मैनी पुढे आली. मी डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"या डोळ्यानं मला कोमटीचं डोकं दिसतं. पाय दिसत नाहीत. डोळ्याच्या आत रक्त तुंबलंय. ऑगस्टात झालं. त्याआधी जुलैत मी इथं सुई घेतली. त्याच्याही आधी मला कोरोना झाला होता. डॉक्टरीण म्हणते, कोरोनानं झालं असेल, बीपीनं असेल. सुईनंतरही क्वचित कोणाला झालंय, पण सुईनंच झालं का, ते तिला सांगता येत नाही. मलाही येत नाही."

मैनी सांगत गेली. हसणं थांबलं होतं.

"याच डोळ्यानं मी मैनीची काच पाहिली," मी म्हणालो, "म्हणून चुकलो. काच खराब नव्हती. माझा डोळा खराब होता."

हे वाक्य तिनं लगेच सांगितलं नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग सांगितलं, एकेक शब्द, सपाट आवाजात.

कोमटीनं विचारलं, "आज पुन्हा कोणी म्हटलं, सुई घे, तर तू घेशील?"

"घेईन. एप्रिलमध्ये मी मरायला टेकलो होतो. तसं मरण तुमच्यात कोणाला नको. मी घेईन, पण डोळ्याचं तुम्हाला ठाऊक नसताना तुम्ही घ्यावी, असं मला नको."

"तू तिकडे बस," तो म्हणाला.

मी उठून कुंपणापाशी जाऊन बसलो. ते सगळे झाडाखाली गोल करून बोलायला लागले. मला माडिया अर्धी समजायची, पण तेवढ्या अंतरावरून नुसता आवाज येत होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या बैठकीच्या बाहेर मी पहिल्यांदाच बसलो होतो. सिस्टर डब्यातल्या बर्फाकडे पुन्हा पुन्हा पाहत होत्या. ऊन कुंपणावरून माझ्या पायांवर आलं, पायांवरून गुडघ्यांवर आलं.

शेवटी कोमटी उठला, टेबलापाशी गेला आणि सिस्टरपुढे दंड धरला. त्याच्या मागे बाकीचे उठले. सगळे नाही. तेरा जण घरी निघून गेले. अठ्ठावीस जणांनी सुई घेतली. सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या टोचत होत्या.

दंडावर कापूस दाबून कोमटी माझ्याजवळ आला.

"डोळा गेला त्याचं काही नाही," तो म्हणाला. "चाखणाऱ्याला काही होऊ शकते. म्हणूनच तर चाखतात. पण काय झालं ते चाखणाऱ्यानं सांगायचं असते. तू त्या दिवशी आलास, माझ्या सुनेजवळ बसलास, माझ्या हातची पेज प्यालास, आणि बोलला नाहीस."

"हो," मी म्हणालो.

"आज बोललास, म्हणून मी सुई घेतली," तो म्हणाला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात मैनी घरातून पेजेचा दोना घेऊन आली. आता तिचे गाल भरले होते, डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. ती माझ्यासमोर थांबली. तिनं दोना स्वतःच्या ओठांना लावला, एक घोट घेतला, मला दिसेल असा गिळला, आणि मग दोन्ही हातांनी दोना माझ्यापुढे धरला.

कोमटी नाल्याकडे पाहत होता. मी दोना घेतला आणि तळापर्यंत प्यालो.

त्याला आता चार वर्षं झाली. डोळ्यात सात इंजेक्शनं झाली, कॅलेंडरच्या तारखा अंधुक दिसतात. त्याच वर्षी मी स्वतः लिहून दिलं आणि मायक्रोस्कोप सोडला. जिल्ह्याच्या कचेरीत टेबलावर बसतो. मैनीच्या काचा आता दुसरा कोणी पाहतो. दिवाळीनंतर एकदा मी हिंगेटोल्याला जातो. मला पाहिल्याबरोबर खाट टाकतात, तीवर धुतलेली चादर घालतात, पाय धुवायला पाणी देतात, आणि निघालो की दोघंतिघं नाल्यापर्यंत पोचवायला येतात. पूर्वी यातलं काही करत नसत. पाहुण्याला ते लोक फार जपतात.